वरच्या सुराची कळ

वाघोली
३ मार्च

मोमीन मिस्त्री यांना नमस्कार.

आपला पत्ता मला चांद तांबोळी यांनी दिला. ते आपल्याच गल्लीत राहतात. एकाच बँडमध्ये आम्ही दोघांनी तीस वर्षं वाजवलं, त्यांनी ट्रम्पेट आणि मी क्लार्नेट. आपल्या दारावर ‘फोन करू नये, ऐकू येत नाही. काम लिहून द्यावे’ अशी पाटी आहे म्हणे. पुण्यात दुसऱ्याची पाटी वाचून खूश होणारा मी पहिलाच असेन. माझे दोन्ही गुडघे कुरकुरतात आणि वाघोलीहून बिबवेवाडीला यायचं तर दोन बस बदलाव्या लागतात. पत्र आपलं आपण येतं. म्हणून लिहून देतो.

सोबत काड्यापेटीत, कापसात गुंडाळून, क्लार्नेटची एक कळ पाठवली आहे. वाद्याच्या पाठीमागे असते, डाव्या अंगठ्याने दाबायची. ती मधोमध तुटली आहे. अकरा वर्षांपूर्वी रविवार पेठेतली खोली सोडून मुलाकडे राहायला आलो, तेव्हा टेम्पोतून पेटी खाली पडली आणि हे झालं. कळ लोखंडाची आहे. आधी एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्याने ज्योत दाखवली मात्र, टोक मेणासारखं ओघळलं. मग मुलाने, आमच्या तेजसने, दोन नळ्यांचा गोंद कालवून चिकटवली. तीन दिवस टिकली.

घाई नाही. वाद्य शोकेसमध्ये ठेवायचं आहे. दिसायला नीट दिसलं म्हणजे झालं.

आपला,
महिपती वायदंडे


बिबवेवाडी
७ मार्च

महिपती वायदंडे यांना,

काड्यापेटी मिळाली. पाकिटावर तुम्ही ‘श्री.’ लिहिलं आहे. मी बिलकिस मोमीन, वय एकसष्ट. पोस्टमन ओळखीचा आहे म्हणून पाकीट पोचलं.

तुमची कळ लोखंडाची नाही. लोहचुंबक लावून पाहा, हलणार नाही. ती जस्ताची ओतीव आहे. पातळ केलेलं जस्त साच्यात दाबून भरतात, घट्ट झालं की बाहेर काढतात, कडा घासतात आणि वरून चकचकीत मुलामा देतात. दिसायला चांदी, आत बिस्कीट. तुटलेल्या जागी बघा, करडे दाणे दिसतील. बॅगेची चेन, कपाटाची मूठ, मिक्सरचं बटण, स्वस्तातलं सगळं याच धातूचं असतं. मी हडपसरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं असलेच भाग घासत होते, त्यामुळे त्यांचा स्वभाव मला ठाऊक आहे. विस्तव त्यांना सोसत नाही. वेल्डिंगवाल्याची चूक नाही, तुमची आहे.

आता शोकेसबद्दल. शोकेससाठी हवी असेल तर मला कशाला त्रास देता? चिंगम लावा. काचेमागून कळत नाही. ज्या वस्तूवर माणसाचं बोट पडणार नाही तिच्यासाठी मी डोळे फोडून भोकं पाडत नाही.

खरं काम काय आहे ते लिहा. नाहीतर काड्यापेटी परत पाठवते.

बिलकिस मोमीन


वाघोली
१२ मार्च

बिलकिसताई,

तुमचं पत्र सुनेने, नम्रताने, आधी वाचलं आणि हसत हसत मला आणून दिलं. घरात अकरा वर्षांत मला इतकं कुणी झापलं नव्हतं. ‘श्री.’बद्दल माफी असावी.

खरं सांगतो. शोकेस आमच्याकडे नाहीच.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर भीमराव म्हणून वॉचमन आहे. वाशिमकडचा माणूस. दुपारी खाली उतरलो की मी त्याच्या खुर्चीशेजारी बसतो. अकराव्या मजल्यावर माझ्याशी बोलायला वारा असतो, खाली भीमराव असतो. त्याच्या मुलीचं, रुपालीचं, लग्न वीस एप्रिलला आहे, इथेच मागच्या मैदानात. मध्ये एकदा तो म्हणाला, “काका, बँड काही जमत नाही. मोबाइल लावू डब्यावर ठेवून. आवाज घुमतो.”

मी बोलून गेलो, “डब्यावर कशाला? मी वाजवतो की.”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. दुसऱ्या दिवशी गावाकडून त्याच्या बायकोचा फोन. तिसऱ्या दिवशी रुपाली स्वतः पाया पडायला आली, “आजोबा, माझ्या वरातीत खरा बँड?” आता सबंध सोसायटीला माहीत आहे. कळ तुटली आहे हे मात्र तेजस, नम्रता आणि चांद सोडून कुणालाच माहीत नाही. मी अकरा वर्षं वाजवलेलं नाही, हेही नाही.

आणि ही कळ साधी नाही. क्लार्नेटचे खालचे सूर बोटांनी निघतात, पण तेच सूर वर चढवायचे तर हीच कळ लागते. ती नसली की अर्धं वाद्य मुकं. वरात वरच्या सुरात चालते, ताई. खालच्या सुरात माणसं चालत नाहीत, डुलतात.

बोट पडणार आहे. माझं. कृपा करून जोडा.

महिपती


बिबवेवाडी
१८ मार्च

महिपतीभाऊ,

हे आधीच लिहिलं असतं तर पाच दिवस वाचले असते.

रोजे चालू आहेत. दुपारनंतर हात जड होतो, म्हणून सकाळी दहा ते एक एवढंच बसते. तेजसचा गोंद काढण्यातच एक सकाळ गेली. गोंद असा लावतात की जणू भिंत बांधायची आहे. मग दोन्ही तुकड्यांच्या तोंडाला सुईएवढं भोक पाडलं. हे काम हातानेच करावं लागतं. यंत्राने केलं तर बिस्कीट फुटतं. आत छत्रीची काडी बसवली. जुन्या छत्रीची काडी, नव्या छत्रीची नाही, ती वाकते. खालून पितळेची पातळ पट्टी आधाराला दिली आणि दोन बारीक रिवेट ठोकले. वेल्डिंगवाल्याने ओघळवलेलं टोक कानशीने पुन्हा आकारात आणलं आहे. अंगठ्याला बोचणार नाही.

हळू दाबा.

बिलकिस


वाघोली
२३ मार्च

बिलकिसताई,

कळ आली, तुमच्या हाताला नमस्कार. जोड कुठे आहे ते चष्मा लावूनही सापडेना. तेजस म्हणाला, “बाबा, ही आमच्या कंपनीत दाखवायला पाहिजे.”

आणि आता वाईट बातमी. काल बसवली. नुसती बसवून अंगठा ठेवला, आणि टक्.

तुमचा जोड नाही तुटला. त्याच्या शेजारून तुटली. नम्रताने विचारलं काय झालं, मी म्हणालो काही नाही, गुडघा वाजला.

अठ्ठावीस दिवस उरले आहेत. भीमरावांनी मला विचारलं, “काका, सराव चालू आहे ना?” मी हो म्हणालो. खोटं बोलायची सवय या वयात लागली.

तुकडे सोबत आहेत. आता तीन आहेत.

महिपती


बिबवेवाडी
२७ मार्च

महिपतीभाऊ,

जोड तुटला असता तर मला वाईट वाटलं असतं. शेजार तुटला म्हणजे धातूच संपला आहे. हे जस्त स्वस्तात केलेलं असलं की म्हातारपणी आतून फुगतं, तडकतं. आज इथे जोडलं तर उद्या तिथे जाईल. एखाद्या वस्तूला दुरुस्ती लागते आणि एखादीला रजा. ही कळ रजेवर गेली.

मी नवी करते, पितळेची. माझ्याकडे एक मोठं जुनं कुलूप आहे, त्याच्या आतली पट्टी चांगल्या जातीची आहे. पण तुकड्यांवरून माप घेऊन भागणार नाही. कळ किती उचलते, भोकावर कशी बसते, हे वाद्यावर ठेवूनच कळणार. अख्खी क्लार्नेट पाठवा. पोस्टाने नको. चांदभाईंबरोबर.

आणि अंगठा किती जोरात दाबता? तुटलेल्या जागेवरून दिसतं की तुम्ही वाद्य दाबत नव्हता, धरून ठेवत होता. पडायची भीती वाटते तेव्हा माणूस असं कठडा धरतो.

बिलकिस


वाघोली
२९ मार्च

बिलकिसताई,

तुमचं पत्र काल आलं आणि मी रात्रभर तुमच्या शेवटच्या ओळीवर रागावून होतो. सकाळी राग गेला.

ही क्लार्नेट चव्वेचाळीस वर्षं माझ्याकडे आहे. लग्नात बायकोच्या हातीसुद्धा दिली नव्हती, ती म्हणायची, “माझी सवत काळी आहे आणि तिला पेटीत झोपवतात.” ती जाऊन चौदा वर्षं झाली. आज पहिल्यांदा पेटी दुसऱ्याच्या हाती देतो आहे. चांद येऊन सोफ्यावर बसला आहे, चहाचा दुसरा कप पितो आहे आणि म्हणतो आहे, “देतोस का जाऊ? उद्या पाडवा, परवा ईद, मला कामं आहेत.”

देतो.

तोंडाशी बसवतात ती बोरूची पत्ती ओली ठेवू नका. पेटी उन्हात ठेवू नका. बाकी तुम्हाला सांगायची गरज नाही.

महिपती


बिबवेवाडी
६ एप्रिल

महिपतीभाऊ,

तुमची क्लार्नेट ईदच्या आदल्या दिवशी आली, त्यामुळे शिरखुर्मा खायला आलेल्या प्रत्येकाने आधी तिला पाहिलं. माझा भाचा इमाद म्हणाला, “खाला, ये बजा के दिखाओ.” मी त्याला पेटीपासून चार हात लांब बसवलं.

कळ झाली. तीनदा केली. पहिली जाड झाली, दुसरी बरोबर होती पण मला आवडली नाही. तिसरी कुलपाच्या पट्टीतून कापून, ठोकून, घासून आणली आहे. यात ओतीव काही नाही, मुलामा नाही. तुमच्या घामाने काळी पडेल, राखेने घासा, पुन्हा उजळेल. टोकाखाली भोक झाकणारी नवी गादी बसवली आहे. पातळ कागदाचा तुकडा गादीखाली सरकवून चारी बाजूंनी ओढून पाहिला. सगळीकडून सारखा अडकतो. म्हणजे हवा कुठूनही गळत नाही.

चांदभाई उद्या घेऊन येतील. चौदा दिवस आहेत. आता माझं काम संपलं, तुमचं सुरू.

बिलकिस


वाघोली
१० एप्रिल

बिलकिस मोमीन यांना,

क्लार्नेट मिळाली. कळ दिसायला सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण तुमच्या पत्रात कागदाबद्दल सहा ओळी आहेत आणि आवाजाबद्दल एकही नाही. वाजवून पाहिली का? वरचा सूर स्वच्छ लागतो का, फाटतो का, उशिरा चढतो का? मी चांदला विचारलं. तो म्हणाला, “मी पत्तीचं वाद्य फुंकत नाही, मला विचारू नकोस, आणि त्यांनी कुणाकडून फुंकवून घेतलं नाही.” गल्लीत कुणीतरी वाजवणारं मिळालं असतं. कागद लावून नळ गळतो का ते पाहतात. हे वाद्य आहे.

मी चव्वेचाळीस वर्षांची वस्तू विश्वासाने दिली होती. लग्नाला दहा दिवस उरलेत. भीमरावांनी पत्रिकेत छापलं आहे, ‘वरात: महिपती वायदंडे आणि सहकारी’. सहकारी म्हणजे एकटा चांद.

न तपासलेलं काम पाठवायला नको होतं.

म. वायदंडे


बिबवेवाडी
१३ एप्रिल

महिपतीभाऊ,

तुमचं पत्र शबनमने, माझ्या सुनेने, वाचलं आणि ती तुम्हाला उत्तर द्यायला निघाली होती. तिला थांबवलं. ती कडक लिहिते.

दारावरची पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे. तिथे ‘ऐकू येत नाही’ एवढं पुरतं. पूर्ण गोष्ट कुणाला सांगत नाही, कारण लोक मग मोठ्याने ओरडतात किंवा कीव करतात, आणि दोन्हींत काम खोळंबतं.

कारखान्यात माझं टेबल प्रेसच्या शेजारी होतं. प्रेस मिनिटाला चाळीस वेळा पडायचा. कानांत कापूस घालायचो, तेवढंच. दहा वर्षांनी चिमण्या गेल्या. मला वाटलं आमच्या भागातल्या चिमण्या कमी झाल्या. मग कुकरची शिट्टी गेली. भात लागला की सासू म्हणायची हिचं लक्ष नाही. मग नातीचा आवाज. डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. डावीकडून रेघ सरळ येते आणि मध्येच कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. वरचे सगळे गेले. मशीन लावून पाहिलं, नुसतं खरखरतं.

तुमच्या क्लार्नेटचा वरचा सूर लागतो की नाही हे मला कधीच कळणार नाही. शेजारी कुणी वाजवून दाखवली असती तरी मी त्याच्या तोंडाकडे पाहून अंदाज केला असता. आणि दुसऱ्याच्या कानावर विसंबून मी काम पास करत नाही. म्हणून कागद. कागद खोटं बोलत नाही. त्यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी लिहिलं की काम झालं.

तुम्ही फुंकून पाहिली का? तुमच्या पत्रात तेही कुठे नाही.

बिलकिस


वाघोली
१५ एप्रिल

बिलकिसताई,

तुमचं पत्र हातात घेऊन मी तासभर गॅलरीत बसलो होतो.

नाही. फुंकली नव्हती. सातला आली, दहाला मी तुम्हाला तसं पत्र लिहिलं, आणि मधले तीन दिवस पेटी उघडून फक्त बघत होतो. तुम्ही अंगठ्याबद्दल जे लिहिलं होतं ते खरं होतं. भीती कळ तुटायची नव्हती. कळ शाबूत असेल आणि मला वाजवता येणार नाही, याची होती. तुमचं काम कच्चं निघालं असतं तर माझी सुटका होती. भीमरावांना सांगितलं असतं, वाद्य बिघडलं. म्हणून तुमच्यावर ढकललं. त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाने असं करू नये. क्षमा करा म्हणत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही. जे झालं ते सांगतो.

तुमचं पत्र आलं आज दुपारी. नातू शाळेत, तेजस-नम्रता कामावर. मी पेटी उघडली, पत्ती तोंडात धरून ओली केली, वाद्य जोडलं आणि खालचा सूर धरला. फाटका निघाला, दमेकऱ्यासारखा. पुन्हा धरला. चौथ्यांदा जरा गोल झाला. मग अंगठा सरकवून तुमच्या कळीवर ठेवला. हळू.

बिलकिसताई, वर गेला. धक्का नाही, खरखर नाही. जिना चढून गच्चीवर यावं तसा. मी थांबलो, कारण मला वाटलं दुसरंच कुणी वाजवतंय. पुन्हा केलं, पुन्हा वर गेला. नवं असतानाही या वाद्याचा सूर इतका मोकळा नव्हता. त्या ओतीव कळीत पहिल्यापासूनच खोट असणार. मी दोन तास वाजवलं. ओठ सुजले आहेत, नम्रता म्हणते भजी खाल्ल्यासारखे दिसतात. इंटरकॉमवर चारशे दोनमधल्या बाईंचा फोन आला. मला वाटलं तक्रार. त्या म्हणाल्या, “थांबलात का?”

तुमच्या कागदाने पास केलेलं काम माझ्या कानाने पास केलं. एवढंच कळवायचं होतं.

आणि वीस तारखेला या. चांद घेऊन येईल. तुम्हाला काय ऐकू येईल माहीत नाही, पण बघायला पुष्कळ असेल.

महिपती


वाघोली
२२ एप्रिल

बिलकिसताई,

पंधराच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून मी धरून चाललो होतो की तुम्ही येणार नाही. मग फाटकाजवळ चांदच्या मागे तुम्ही दिसलात. भेटलो तेव्हा गर्दीत दोन शब्द झाले, तेही हातवाऱ्यांनी. म्हणून लिहितो.

सहकारी वाढले. चांदने आणखी दोघांना हुडकून आणलं. ड्रमवाला हिंदुराव आता भाजी विकतो, तो गाडा मेहुण्यावर सोपवून आला. झांजेला संभाजी, त्याला दिसत नाही पण ताल कधी चुकला नाही. आमचे युनिफॉर्म कधीच विकले गेले. नम्रताने सगळ्यांना सारखी लाल उपरणी आणली. चौघांची वयं मिळून दोनशे ऐंशी. पोरांनी आधी मोबाइल काढून हसत हसत शूटिंग चालू केलं. मग मी वर गेलो.

काय सांगू? वर गेलो आणि पोरांचे मोबाइल खाली आले. रुपालीच्या मावश्या नाचायला लागल्या. भीमराव युनिफॉर्ममध्येच होते, ड्यूटी बदलून मिळाली नव्हती. ते फाटक उघडायचे, नाचायचे, गाडी आली की पुन्हा फाटक उघडायचे. चारशे दोनच्या बाई बघायला खाली आल्या आणि नाचून वर गेल्या. गुडघे? घरी आल्यावर आठवले.

एक गोष्ट मला अजून कळलेली नाही. वरात मैदानाच्या तोंडाशी आली आणि दहा मिनिटं अडली. आम्ही उभ्या उभ्या तीच चाल पाच वेळा वाजवली. कुणी म्हणालं नवरदेव रुसला, कुणी म्हणालं घोडीने पाय रोवले. भीमरावांना विचारलं तर ते नुसते हसतात. तुम्ही मागेच होता. काय झालं होतं?

आणि जेवणं चालू असताना मी तुम्हाला खुणेने बोलावलं, मंडपाच्या खांबाशी बसवलं आणि वाजवलं, आणि संपताच तुम्ही उठून गेलात. नवरी सासरच्या दारात उतरते तेव्हा आम्ही वाजवायचो ती संथ चाल. ती सगळी मी खाली आणली होती. तळाचे सूर. तुमच्या कळीला हात लावला नाही. त्यासाठी पाच दिवस बसलो होतो, कारण ती चाल तशी कुणी वाजवत नाही.

आगाऊपणा झाला असेल तर तसं लिहा.

महिपती


बिबवेवाडी
२६ एप्रिल

महिपतीभाऊ,

नवरदेव रुसला नव्हता. त्याच्या हातातली तलवार भाड्याची होती. घोडीवर बसल्या बसल्या कुणाला तरी दाखवायला त्याने ती उपसली आणि मूठ हातात, पातं रस्त्यावर. मूठ जस्ताची ओतीव, वर सोनेरी रंग. सगळे गोळा झाले. नवरदेवाची आई, सुंदराबाई, रडायला आली, शस्त्र मोडलं म्हणजे अपशकुन. एकजण म्हणाला दोऱ्याने बांधा, एकजण म्हणाला फेविक्विक आणा. मी पुढे झाले आणि म्हणाले, “सरका.”

पर्समध्ये छोटी कानस आणि पक्कड असतेच. केसांतले दोन आकडे काढले, पातं मुठीच्या भोकात घालून ते पाचरीसारखे दाबून बसवले, दगडाने ठोकले. सुंदराबाईंना सांगितलं, “अपशकुन नाही, स्वस्त धातू आहे.” त्यांनी माझा हात धरून ठेवला, सोडेचनात. त्यांच्या नातेवाइकांनी मला वरातीत ओढलं. मी नाचले. चांदभाईंनी पाहिलं नसेल अशी आशा आहे.

आता खांबाशी काय झालं ते.

वरातीत तुमचा ड्रम मला पायांतून येत होता. तुमची क्लार्नेट दिसत होती, येत नव्हती. तुमचे गाल फुगलेले, बोटं पळताहेत, लोक हात वर करून नाचताहेत, आणि मधोमध शांतता. याची मला सवय आहे. मी नुसती माझी कळ बघत होते. अंगठा हळू पडत होता.

मग तुम्ही बसवलंत. तुम्ही फुंकलंत, आणि माझ्याजवळ काहीतरी आलं. मी आधी मागे पाहिलं, जनरेटर चालू झाला असं वाटून. मग कळलं तुम्हीच. जाड, ऊबदार, भुरकट. एक सूर संपतो आणि दुसरा त्याच्या अंगावरून येतो. सूर कसा येतो ते विसरले होते. त्याला चाल असते, तो खाली उतरतो, थांबतो, पुन्हा येतो, हे विसरले होते. माझ्या निकाहात आमच्या गल्लीत बँड आला होता, त्यानंतर मी अख्खी चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेली नाही. मध्ये एकही भोक नव्हतं.

उठून गेले कारण रडायला आलं होतं आणि समोर जिलेबीची रांग होती. आगाऊपणा झाला नाही.

चार दिवस विचार करून एक विचारते. हसू नका; हसलात तरी मला ऐकू येणार नाही. चांदभाई सांगतात, जुन्या बाजारात जुन्या क्लार्नेट मिळतात, कळा मोडलेल्या, फुकट दिल्यासारख्या. कळा मी करीन. मला वरचे सूर नकोत. फक्त खालची अर्धी क्लार्नेट शिकायला एकसष्ट वर्षांच्या बाईला किती दिवस लागतील?

बिलकिस


वाघोली
२९ एप्रिल
(पोस्टकार्ड)

बिलकिसताई,

हसलो नाही. नम्रता हसली, पण आनंदाने. तिने तुमच्यासाठी वेगळी खुर्ची गॅलरीत लावूनसुद्धा ठेवली.

रविवारी सकाळी दहाला या. बाजारातली क्लार्नेट चांद आणि मी पाहून ठेवतो, घाई करू नका. पहिला महिना म्हशीसारखा आवाज निघेल, सगळ्यांचाच निघतो. किती दिवस लागतील हे गुरूने सांगायचं नसतं.

एक मात्र आधीच सांगून ठेवतो, कारण पत्रात तुम्ही फक्त कानाबद्दल लिहिलं आहे. क्लार्नेट धरताना वरचे दात वाद्यावर टेकवायचे असतात. पत्ती थरथरली की तो सूर दातांतून थेट डोक्यात चढतो. कानाला विचारतसुद्धा नाही.

महिपती